कंपनीतून निघाला तसा

“अरे काका, इकडे तर पाहा! कोण्या येड्यानं जीपचा हँडब्रेक ठोकला इथं.”

प्रफुल ट्रॅक्टरच्या सीटशेजारी वाकून हसत होता. ट्रॅक्टर आताच ट्रकवरून उतरवला होता. चार वर्षं कुठल्यातरी गोठ्यात बंद पडून होता, त्यामुळे अंगभर धूळ आणि कोंबड्यांची घाण. मूळचा निळा रंग बॉनेटवर जागोजागी तेवढा शिल्लक होता. रेवाराम चष्मा शर्टाला पुसत जवळ आला आणि वाकला. सीटच्या डाव्या अंगाला, मडगार्डच्या आड, एक लोखंडी दांडा होता. त्याच्या टोकाला सायकलची काळी मूठ बसवलेली, आणि खालून एक पट्टी क्लचच्या पेडलपर्यंत गेलेली.

रेवाराम बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, “कुठून आनला हा?”

“बोदलकस्याच्या तलावाकडून. दलालानं आणून दिला. मालक बेचायला तयार नव्हता म्हणे, मग एकदम फोन आला, घेऊन जा म्हणून. इंजन ठीक आहे, काका. फक्त हे जुगाड काढून टाका.” आणि प्रफुलने रेवारामच्याच जाड आवाजाची नक्कल केली, “कंपनीतून निघाला तसा पायजे!”

रेवारामने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

वाक्य त्याचंच होतं. वडिलांची राईस मिल सांभाळता सांभाळता प्रफुलला जुने ट्रॅक्टर जमवायचं खूळ लागलं, त्याला आता सहा वर्षं झाली. कुडव्याच्या या शेडमध्ये अकरा ट्रॅक्टर उभे होते. खूळ प्रफुलचं, पण त्याला शिस्त लावली ती त्याच्या मिस्त्रीने, रेवारामने. कुणी आपल्या गाडीला ट्रकचा भोंगा लावलेला असे, कुणी मोटारसायकलचे आरसे. रेवाराम एकेक उपटून बाहेर फेकायचा आणि बडबडायचा, “कंपनीतले इंजिनेर का मूर्ख होते?” वय वर्षं बहात्तर, गुडघे कुरकुरतात, पण चुकीच्या मापाचा बोल्ट दिसला की या माणसाला जेवण जात नसे.

आणि हा दांडा बसवणारा येडा तोच होता.

सन एक्याण्णव. गोरेगावच्या रस्त्यालगतचा एक एकर विकून रेवारामने नवाकोरा ट्रॅक्टर घेतला, आणि घरी आणल्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या फूटप्लेटला दोन छिद्रं पाडली. शोरूमवाला म्हणाला होता, वॉरंटी गेली समजा. रेवाराम म्हणाला, गेली तर गेली. त्याची मुलगी सोनिका तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचा डावा पाय लहानपणी पोलिओने वाळला होता. क्लच दाबण्याइतका जोर त्या पायात नव्हता, आणि बापाने दारात ट्रॅक्टर उभा केल्यापासून ती त्याच्याभोवती नुसती फिरत होती. बापाला ते पाहवलं नाही. भंगारातून जीपचा हँडब्रेक आणून त्याने हाताचा क्लच केला.

सोनिकाची एकच अट होती. “बाबूजी, असं बसवा का रस्त्यावरच्या मानसाले दिसलं नाही पायजे.”

म्हणून तो मडगार्डच्या आड, इतका खाली. त्यापायी रेवारामने तीन वेळा माप बदललं होतं. पुढे ती ट्रॅक्टर घेऊन गोरेगावच्या बाजारातून गेली की लोक वळून बघत, पण पोरगी ट्रॅक्टर चालवते म्हणून बघत. खाली उतरली की ती लंगडी सोनिका होती, वर बसली की नुसती सोनिका. लग्न झालं, बोदलकस्याजवळच्या गावी सासरी गेली, तेव्हा ट्रॅक्टरही तिच्यासोबत गेला. तिचा नवरा ओमेश्वर साधा माणूस, तलावात जाळं टाकावं आणि शेताच्या दोन बांध्यांत धान पिकवावं. यंत्राला हात लावायला तो भ्यायचा. चिखलणीच्या दिवसांत सगळ्या गावाच्या बांध्या सोनिका करून द्यायची. तीस वर्षं तिने तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.

चार वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली.

ट्रॅक्टर आला त्या दुपारी जेवायला घरी गेल्यावर रेवारामने बायकोला सांगितलं. गिरजाने ताट तसंच ठेवलं आणि पदर खोचून त्याच्या मागे शेडमध्ये आली. प्रफुल मिलवर गेला होता. गिरजा ट्रॅक्टरजवळ उभी राहिली. मग तिने ती काळी मूठ धरली. मुठीवरचे कंगोरे घासून सपाट झाले होते.

“जवाईबापूनं इकला, आन् आपल्याले सांगतलं नाही,” ती म्हणाली.

“कोन्या तोंडानं सांगन तो? रोज गोठ्यात पाहून पाहून थकला असन.”

“तुमी प्रफुलले काऊन नाही सांगतलं?”

“काय सांगू?”

“का हा आमच्या सोनीचा होय. लिव्हर राहू दे म्हना. मानूस चांगला आहे तो, नाही म्हननार नाही.”

“चांगला आहे, म्हनूनच तर भेव लागते व मले. तो ठेवन. आन् बाजूले बोर्ड लावन.”

गिरजाला बोर्ड माहीत होता. शेडच्या दारातच एका थोट्या शेतकऱ्याचा, दुधरामचा ट्रॅक्टर होता. एका हाताने वळवता यावं म्हणून स्टिअरिंगला लाकडी मूठ लावलेली. ती मात्र प्रफुलने रेवारामचं न ऐकता ठेवली, कारण गोष्ट चांगली होती. बाजूला रंगीत फलकावर दुधरामचा फोटो आणि त्याची कहाणी. रविवारी शहरातली पोरं येत, एक हात पाठीमागे धरून ती मूठ फिरवत आणि एकमेकांचे व्हिडिओ काढत. हसत. वाईट नव्हती ती पोरं, पण हसत.

“लागू दे बोर्ड,” गिरजा म्हणाली. “माझ्या पोरीचं नाव तर राहीन कुठं. आता कुठं राहिलं तिचं नाव? सांगा ना. कुठं राहिलं?”

रेवारामलाही हेच हवं होतं. सकाळपासून त्याच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. हा दांडा इथे असाच राहावा, रोज सकाळी येऊन आपण त्यावरून फडकं फिरवावं. आयुष्यभर त्याने शेकडो गाड्या दुरुस्त केल्या, पण स्वतःच्या डोक्याने केलेली चीज ही एवढीच.

“कोन्या नावानं राहीन?” तो शेवटी म्हणाला. “सारी जिंदगी तिनं लोकायले दिसू देलं नाही. आता ती नाही, तं आपन दाखवाचं?”

गिरजाने मूठ सोडली नाही. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “मंग काढा. पन मी समोर नाही राहत.”

ती गेली. रेवारामने बोल्टांवर डिझेल सोडलं.

गॅस कटरने हे दोन मिनिटांचं काम होतं. प्रफुल दुसऱ्या दिवशी तसं म्हणालाही. रेवारामने दोन दिवस घेतले. गंजलेला एकेक बोल्ट थोडा थोडा ढिला करत, पान्यावर फार जोर न देता. दांडा सुटून हातात आला तेव्हा तो किती हलका आहे याचंच त्याला नवल वाटलं. मग त्याने फूटप्लेटची दोन छिद्रं वेल्डिंगने बुजवली, वरून घासून सपाट केली. वेल्डिंगचा काळा चष्मा लावून तो रडला, आणि रडणं थांबेपर्यंत त्याने चष्मा काढला नाही. शेडमधल्या कुणाला काही कळलं नाही.

दांडा त्याने प्रफुलकडे मागितला.

“भंगारच तर आहे, काका. ले जाओ,” प्रफुल म्हणाला, आणि फोनवर बोलत निघून गेला.

तीन आठवड्यांनी ट्रॅक्टर उभा राहिला. निळा रंग, पांढरी चाकं, जागच्या जागी प्रत्येक नट. प्रफुल सकाळीच मिलवरून आला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, जुन्या माहितीपुस्तकातला फोटो पुढे धरून एकेक भाग ताडून पाहिला. तो खरंच खूश होता.

“सप्पा जसंच्या तसं, काका! दांड्याची जागासुद्धा ओळखू येत नाही.” मग तो खाली वाकला. “पण हे क्लचचं पेडल नवीन टाकलं काय? भेटलं कुठं? हे मॉडेल तर बंद झालं.”

“नवीन नाही. पयल्यापासूनचंच होय.”

“असं कसं? ब्रेकचे पेडल पाहा, घासून घासून गुळगुळीत झाले. आणि याच्या धारा हाताला लागतात अजून. तीस वर्षं चाललेली गाडी आहे. क्लचवर कोणी पायच नाही ठेवला काय?”

“नाही ठेवला,” रेवाराम म्हणाला.

म्हातारा गंमत करतोय असं समजून प्रफुल हसला. उडी मारून तो सीटवर बसला, डावा बूट पेडलवर ठेवला आणि दाबला.

“मक्खन!” तो म्हणाला आणि पुन्हा दाबला.

“पाय काढ, बाबू.”

रेवाराम इतका हळू बोलला होता की प्रफुलला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाय काढला. तो दुसऱ्या बाजूने खाली उतरला.

मिलच्या आवारातला चिखल पेडलच्या खाचांत बसला होता. रेवाराम गुडघ्यावर हात टेकून खाली बसला, खांद्यावरचं फडकं बोटाला गुंडाळलं आणि एकेक खाच पुसू लागला.