उपाशी मातीची पाहुणी

पुंजारामाने रोप दोन बोटांत धरून हलकेच ओढलं, तर ते मुळासकट हातात आलं. मूळ काळं पडलं होतं आणि बुंधा कुजून मऊ झाला होता. त्याने मान वर केली. व्हरांड्याच्या पायरीवर साहेब उभा होता.

"ये भी गया?"

"गेलं, साहेब," पुंजाराम म्हणाला.

हे दोन शब्द उच्चारणं त्याला भारी जड गेलं. अकोल्यात त्याच्या हाताचं नाव होतं. पुंजाराम माळ्याने वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटते, असं लोक म्हणत. लोकांचं काय, ते म्हणतातच; पण पन्नाशीला आल्यावर पुंजारामालाही ते थोडंफार खरं वाटू लागलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्याने लावलेल्या प्रत्येक नव्या झाडाचं पहिलं फूल अमरावतीला आई अंबादेवीकडे जात असे. कापसाचा कुणी ओळखीचा गाडीवान तिकडे निघाला की पुंजाराम ते फूल ओल्या फडक्यात बांधून त्याच्या हवाली करी. तिसऱ्या दिवशी देवीपुढे पोचेपर्यंत ते सुकून जाई, पण देवीने कधी तक्रार केली नव्हती.

"अब एक ही बचा है," साहेब म्हणाला. "वो भी मर गया तो मैं माँ को क्या लिखूँगा?"

साहेब कापसाचा. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने त्याला खरेदीसाठी वऱ्हाडात पाठवलं होतं. अमेरिका नावाच्या मुलखात भावाभावांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्या मुलखातलंच हे झाड. साहेबाच्या म्हाताऱ्या आईने ते विलायतेत काचेच्या घरात वाढवलं होतं आणि लेकाला करमणूक व्हावी म्हणून त्याची तीन रोपं छोट्या कुंड्यांतून काचेच्या पेटीत घालून आषाढात पाठवली होती. पेटी बंदच्या बंद अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून आली, आणि रोपं जिवंत होती!

झाड म्हणजे तरी काय? वीतभरसुद्धा नाही. जमिनीलगत चार-सहा पानं, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला उघडी पडलेली शिंपली. शिंपलीला कडेने काटे, आत लाली. पहिल्या दिवशी पुंजारामासमोर एक माशी त्या लालीवर बसली, दोन पावलं चालली आणि शिंपली मिटली. काटे एकमेकांत बसले. आत माशीची तडफड चालू होती. पुंजारामाने आपोआप हात जोडले. आजवर त्याने जनावरांना झाडं खाताना पाहिलं होतं. झाडाने जनावर खाल्लेलं पहिल्यांदाच पाहत होता.

त्या दिवसापासून तो तिला पाहुणी म्हणू लागला. आणि पाहुणीला आपल्या घरी उपाशी कसं ठेवायचं?

तिथेच घात झाला. पेटीतली माती पाहून त्याला दयाच आली होती. नुसती वाळू आणि कसलंसं कुजकं शेवाळ! त्याने पहिलं रोप उपसलं, मोर्णा नदीकाठच्या शेतातली काळीभोर माती आणली, तीत दोन वर्षं मुरलेलं लेंडीखत मिसळलं आणि त्या रोपाला असा थाटाचा बिछाना करून दिला. ज्या मातीत वऱ्हाडाचा कापूस पिकतो तीत काय पिकणार नाही? तीन आठवड्यांत रोप कुजलं.

दुसऱ्याची माती त्याने बदलली नाही. पण उरलेल्या दोघांनाही रोज सकाळी बंगल्याच्या विहिरीचं ताजं पाणी घातलं, आणि खानसाम्याकडून मटणाचे बारीक तुकडे मागून दुसऱ्याच्या शिंपल्यांत ठेवले. त्यात साहेबाकडे येणारे पाहुणेराहुणे. जो येई तो बोट घालून शिंपली मिटवून पाही, हसे आणि दुसरी मिटवे. मटण आतल्या आत सडलं. पाहुण्यांनी तीन-चारदा फसवलेली शिंपली पुढे उघडेनाशी झाली आणि काळी पडली. आता तेही रोप पुंजारामाच्या हातात होतं.

तिसरं रोप त्याने पेटीसकट घरी नेण्याची परवानगी मागितली. "बोट लागत नाई असं ठेवतो, साहेब. माह्या नजरेखाली राहू द्या."

साहेब म्हणाला, "ले जाओ."

घरी गोदाबाईने पेटीभोवती एक फेरी मारली. तिच्याकडे पाहून पुंजारामाला थोडी धाकधूक वाटली, कारण माशा खाणारं झाड बायकोला घरात चालेल की नाही, हे त्याने विचारलं नव्हतं. पण गोदाबाईचं लक्ष शिंपल्यांकडे नव्हतंच. कुंडीच्या काठाला नख लावून तिने काहीतरी खरवडलं आणि जिभेला लावलं.

"अवो, हा तर खार होय."

"कायचा खार?"

"पान्याचा. आमच्या माहेरी रांजनाले असाच पांढरा चढते. तुमच्या बंगल्याच्या विहिरीचं पानी तितकं खारं नसन, पन हाये. या नाजूक बाईले सोसत नसन."

गोदाबाईचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींच्या पाण्यात तूरडाळ तासन्‌तास रटरटली तरी शिजत नाही. म्हणून बायका पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि डाळीपुरतं जपून वापरतात.

"झाड का दाळ होय?" पुंजाराम चिडून म्हणाला. चाळीस वर्षं मातीत हात घालणाऱ्याला पाण्याची अक्कल बायकोने शिकवावी, हे त्याला झोंबलं होतं.

"दाळीले कळते ते तुमाले कावून कळत नाई?" असं विचारून गोदाबाई चुलीकडे निघून गेली.

पुंजाराम पेटीपुढे बसून राहिला. बसल्या बसल्या त्याला फार वर्षांमागची एक गोष्ट आठवली. तरुणपणी तो बांबूच्या गाड्यांबरोबर मेळघाटात गेला होता. सेमाडोहाच्या पुढे एका उतारावर पाणी झिरपत होतं. जागा अगदी भिकार, नुसती रेव. गवतसुद्धा धड उगवलेलं नव्हतं. तिथे रुपयाएवढी तांबडी रोपटी जमिनीला चिकटून बसली होती. त्यांच्या पानांवरच्या केसांवर दवासारखे थेंब, आणि त्या थेंबांत चिकटलेली चिलटं. बरोबरचा कोरकू म्हातारा म्हणाला होता की या मातीत काही नाही, म्हणून ही बाई वरून येणारं खाते. पुंजाराम तेव्हा हसला होता.

आता तो कुंडीवर वाकला. त्याने हाक मारली, "गोदे! अवं, इकडं ये. हे झाड उपाशी मातीतलं होय. मातीत काई नाई म्हनून हे शिकार करते. म्या त्याले काळ्या मातीचं जेवन वाढलं, वरून मटन कोंबलं! म्याच मारलं ना ते दोन्ही."

"मंग आता नका मारू," गोदाबाई म्हणाली.

पावसाळा सरत आला होता. हस्ताच्या दोन सरी तेवढ्या उरल्या होत्या. गोदाबाईने माहेरची रीत काढली. अंगणात चार काठ्या रोवून त्यांना धुतलेलं लुगडं ताणून बांधलं, मधोमध एक गोटा टाकला आणि त्या झोळीखाली कोरा रांजण ठेवला. तिसऱ्या दिवशी हस्त असा बरसला की रांजण काठोकाठ भरला. पुंजारामाने कुंडीतून ते पाणी पुन्हा पुन्हा वाहू दिलं. सगळा खार निघून गेला असावा असं वाटल्यावरच तो थांबला. मग कुंडी पाणी घातलेल्या पसरट परळात ठेवून अंगणात सकाळचं ऊन लागेल अशी मांडली. खत नाही, मटण नाही, आणि कुणाचं बोट तर मुळीच नाही.

कार्तिकात नवी शिंपली उघडली. पुंजाराम कामावर जायच्या आधी तासभर तिच्यापाशी बसू लागला. त्याला दिसलं की पाण्याचा थेंब पडला तरी ती मिटत नाही, काडी एकदा लागली तरी मिटत नाही. लागोपाठ दुसऱ्यांदा काही हललं तरच मिटते. म्हणजे तिला मोजता येत होतं! मेंदू नाही, डोळे नाहीत, आणि एक-दोन कळतात. हे त्याने गोदाबाईला इतक्यांदा सांगितलं की ती म्हणाली, "माहीत हाये मले. तिले दोनपर्यंत येते. तुमाले तीच एक गोष्ट येते." पण पाणी संपत आलं की परळ भरून ठेवायची तीच.

पौषात थंडी पडली आणि पाहुणी काळवंडू लागली. एकेक पान गळालं. पुंजारामाने पाणी कमी केलं, ऊन कमी-जास्त केलं. उपयोग झाला नाही. पेटी साहेबाची, दडवून कशी ठेवणार? त्याने ती बंगल्यावर नेऊन दाखवली. साहेबाचा जीव तेव्हा थाऱ्यावर नव्हता. लढाई थांबणार अशी वार्ता आली होती, कापसाचा भाव घसरत होता आणि कंपनीने त्याला विलायतेला परत पाठवायचं ठरवलं होतं. त्याने एकदा काळ्या पानांकडे पाहिलं आणि खानसाम्याला कुंडी टाकून द्यायला सांगितलं.

पुंजारामाने दुपारी उकिरड्यावरून ती उचलली. राखेत आडवी पडली होती. त्याने करंगळीने माती सारली. आत लसणीच्या पाकळीएवढा पांढराशुभ्र कंद होता, घट्ट आणि ओला. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती मेली नव्हती, निजली होती! आणि आता ती साहेबाचीही नव्हती. टाकलेली वस्तू उचलणाऱ्याची होते. तिच्यावर त्याच्याइतका हक्क आता कुणाचाच नव्हता. घरी जाताना तो कुंडी धोतराच्या सोग्याखाली धरून चालला होता.

माघ लागता लागता साहेबाने बोलावणं पाठवलं. सामान बांधून झालं होतं. रिकाम्या व्हरांड्यात साहेब एका पेटाऱ्यावर बसला होता आणि त्याच्या हातात पत्र होतं. रोपं मेल्याचं आईला कळवण्याची हिंमत त्याला दसऱ्यापर्यंत झाली नव्हती, म्हणून उत्तरही इतक्या उशिरा आलं होतं. तो एकेक ओळ वाचून हिंदुस्थानीत सांगू लागला.

"लिखती है, कुएँ का पानी नहीं देना. बारिश का देना."

"व्हय," पुंजाराम म्हणाला.

"खाद नहीं. अच्छी मिट्टी नहीं. उसको गरीब मिट्टी चाहिए."

"व्हय, साहेब."

"गोश्त नहीं. उँगली नहीं लगाना."

पुंजाराम मान डोलावत राहिला. सात समुद्रांपलीकडची एक म्हातारी आपल्याला कळलेलं सगळं ओळीने सांगते आहे, याचा त्याला अचंबा वाटला. तिनेही कधीतरी अशीच रोपं मारली असतील, त्याशिवाय हे कळत नाही.

मग साहेबाने पुढची ओळ सावकाश वाचली. "जाड़े में काला हो जाएगा. फेंकना मत. सोया है." त्याने पत्र गुडघ्यावर ठेवलं. "और मैंने फेंक दिया, पुंजाराम."

अंगणात गाड्यांना बैल जुंपणं चाललं होतं. पुंजाराम उभा होता. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. फाल्गुनात कोंब येईल, नवी शिंपली उघडेल, आणि ती त्याची असेल. त्याला हे सगळं डोळ्यांपुढे स्पष्ट दिसलं. तिकडे ती म्हातारी लेकाची आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या रोपाची वाट पाहत असेल, हेही दिसलं.

"जित्ती हाये, साहेब," तो म्हणाला. "माह्या घरी हाये. आनतो."

त्याने कुंडी आणली, माती सारून पांढरा कंद दाखवला. साहेबाने टोपी काढली. का काढली हे त्यालाही सांगता आलं नसतं. पेटीत कुंडी बसवल्यावर पुंजारामाने वाटेपुरतं पावसाचं पाणी चार शिश्यांत भरून दिलं आणि मग जरा अडखळत विचारलं, "इचं फूल कसं असते? म्या पाह्यलं नाई."

साहेबाने पत्राचं शेवटचं पान उलटलं. फूल पांढरं असतं, असं त्याने सांगितलं. लांब दांडा वर काढून झाड ते शिंपल्यांपासून खूप उंचावर धरतं. फुलासाठी येणाऱ्या मधमाश्या आपल्याच तोंडात पडू नयेत म्हणून.

पुंजाराम खालीच बसला. ज्याला खायचं त्याच्यासाठी खाली तोंड, आणि ज्याची गरज त्याच्यासाठी उंच फूल! एवढ्याशा जिवाला हे कुणी शिकवलं?

"पहिले साल का फूल काट देना, लिखती है," साहेब म्हणाला. "नहीं तो पौधा थक जाता है."

"ते तर बराबरच हाये," पुंजाराम म्हणाला. "पयलं फूल आपलं नसतेच. तुमच्या मायले सांगा, त्यायच्या देवाले वाहा मनाव."

गाड्या निघाल्या. पुंजाराम वेशीपर्यंत पेटीच्या गाडीबरोबर चालला. गाडीवानाला त्याने तीनदा बजावलं की ऊन चढलं की वर पोतं टाक, आणि पाणी शिशीतलंच घाल. चौथ्यांदा सांगू लागला तेव्हा गाडीवानाने बैलांना हाक दिली.

चैत्रात एके दिवशी गोदाबाईने रांजणाचं झाकण काढलं. तळाशी दोन तांबे पाणी होतं.

"याचं काय करू?" तिने विचारलं.

पुंजाराम अंगणातल्या रिकाम्या परळाकडे पाहत होता. "तुले लागन तसं कर," तो म्हणाला.

तिने त्या पाण्यात डाळ घातली. ती पहिल्या उकळीतच फुटली आणि लोण्यासारखी मऊ झाली. दोघं जेवायला बसली. पुंजारामाने भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला आणि तो हातातच धरून ठेवला.

"शिजली ना?" गोदाबाईने विचारलं.

"बेस शिजली," तो म्हणाला, आणि खाली मान घालून जेवू लागला.