नाथाजींनी धरलेला खांब

कुंडलचे नाथाजी फौजेतनं सुभेदार होऊन परतले होते, त्यामुळं गोठ्याजवळची पाण्याची टाकी त्यांनी कुणाला न विचारता उभी केली. चार पाइप रोवले, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर टाकी चढवली. तीन पाइप नवे, जाडजूड. चौथा जुन्या मांडवातला, काटकुळा.

त्यांची सून शिवांजली सांगलीत इमारतींचे आराखडे करायची. सुट्टीला आली आणि चौथ्या पाइपाकडं बघतच राहिली.

"मामा, हा वाकंल."

"लोखंड हाय, पोरी. ऊस न्हाई."

"लोखंड असलं तरी उंच नि बारीक हाय. वरनं वजन आलं की मधनं बाहेर येणार."

नाथाजींनी मोटर सुरू केली. टाकी अर्धी भरली न भरली तोच पाइपानं पोट पुढं काढलं. मागचापुढचा विचार न करता नाथाजींनी धावत जाऊन त्याला मधोमध मिठी मारली. पाइप थांबला.

शिवांजलीनं मोटर बंद केली.

"आता सोडू?"

"नगा. मधनं धरलाय म्हणून उंच खांबाचे दोन बुटके झाल्यात. चौपट वजन पेलतोय. पर एवढं आवळू नगा, एका हातानं धरलं तरी भागतंय."

एका हातानं टाकी? नाथाजींनी मिठी आणखी घट्ट केली.

टाकी रिकामी केल्याशिवाय पाइप सोडता येत नव्हता, आणि तिला तोटी अजून बसायची होती. शिवांजलीनं शिडी लावून रबरी नळी आत सोडली आणि खालचं टोक सासूच्या, बनुबाईंच्या हातात दिलं. बनुबाईंना पाणी वाया घालवणं जमणारं नव्हतं. त्यांनी म्हैस धुतली, मेथीला पाणी दिलं, मग वाकळा भिजवल्या.

"आवरा की लवकर," नाथाजी म्हणाले.

"आवं, दोनच वाकळा ऱ्हायल्यात."

तेवढ्यात शेजारचे जोतीराम आले. त्यांना सुभेदार पाइपाच्या गळ्यात पडलेले दिसले.

"काय झालं, नाथाजी?"

"आधार देतोय."

"बरं," जोतीराम म्हणाले आणि चहाला बसले.

टाकी कोरडी झाली. सगळ्यांचा चहाही झाला. नाथाजींना मात्र हे कुणी सांगितलंच नाही. ते डोळे मिटून आणखी पाव तास पाइप धरून होते. दुसऱ्या दिवशी शिवांजलीनं चारी पाइपांना मधोमध आडव्या पट्ट्या जोडून घेतल्या. वेल्डिंग चाललं असताना नाथाजी वेल्डरला समजावत होते, "उंच खांबाचे दोन बुटके करायचे, गड्या. सोपं असतंय."