झाडलेली धावपट्टी

हवाई दलात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'तराजू'. अभियंता माणूस. उभी नोकरी विमानांच्या पोटात डोकं घालून काढलेली. कुठल्याही दोन वस्तूंची तुलना करायची वेळ आली की समितीत यांचं नाव ठरलेलं. टायर घ्यायचे, बोलवा तराजूंना. हेल्मेटं घ्यायची, बोलवा तराजूंना. गडी कुणाच्या बाजूला झुकत नाही असा लौकिक होता. न झुकणाऱ्याची पाठ लवकर दुखायला लागते, हे मात्र त्या लौकिकात कुणी धरलं नव्हतं.

लढाऊ विमानांच्या तुलनेची ही त्यांची तिसरी समिती. पहिलीच्या वेळी त्यांच्या डोक्यावर केस होते. दुसरीच्या वेळी निदान सरकार तरी होतं, ते अहवाल छापून येईपर्यंत पडलं. दोन्ही अहवालांचा निष्कर्ष एकच होता: अधिक अभ्यासाची गरज आहे. आपल्याकडे अभ्यासाची गरज कधी भागत नाही, विमानांची आपोआप भागते. कारण जुनी पडत राहतात, आणि जितकी कमी उरतात तितकी उडवायला माणसंही कमी लागतात.

समितीच्या खोलीत लांबलचक टेबल, त्यावर काच आणि काचेखाली आधीच्या कुठल्या तरी समितीच्या चहाचे डाग. टेबलावर दोन छोटी विमानं. एक पश्चिमेच्या कंपनीने भेट दिलेलं, चकचकीत, लाकडी स्टँडवर बसवलेलं. दुसरं रशियनांनी दिलेलं, लोखंडी, हाताला जड. ते अध्यक्षसाहेब पंख्याने कागद उडू नयेत म्हणून वापरत. तुलनेचा निकाल एवढ्यावरच लावायचा असता तर काम कधीच संपलं असतं.

पश्चिमेचे विक्रेते हसत हसत यायचे. त्यांचं विमान दहा वेळा बोलवा, नऊ वेळा तयार. सुटे भाग वेळेवर, इंजिन वर्षानुवर्षं टिकणारं. पण ते कुठे न्यायचं, त्यात काय बदलायचं, कुणावर रोखायचं, हे त्यांना विचारून. म्हणजे घर आपलं, किल्ली त्यांच्या कमरेला. रशियन विक्रेते न हसता यायचे. किल्ली तुमची, हवं ते करा, म्हणायचे. मात्र इंजिनाचं आयुष्य निम्मं, आणि दुरुस्तीसाठी पेटीत घालून त्यांच्या कारखान्यात पाठवलं की परत कधी येईल, असं विचारल्यावर नुसते खांदे उडवायचे. म्हणजे किल्ली आपली, पण छप्पर असलं तर असलं.

सगळ्या रकान्यांची बेरीज झाली तेव्हा पश्चिमेचं विमान थोडक्यात पुढे होतं. या खेपेला 'अधिक अभ्यास' लिहायची सोय नव्हती. आर्थिक वर्ष संपायच्या आत एक नाव कळवायचं, नाही तर राखून ठेवलेला पैसा परत जाणार होता. आणि सरकारी तिजोरीत परत गेलेला पैसा म्हणजे सासरहून रुसून गेलेला जावई, सहजासहजी पुन्हा येत नाही.

दुसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या होत्या. तराजू त्या संध्याकाळी जरा हलक्या पावलांनी घरी गेले, कारण घरी सून आली होती.

सून लढाऊ वैमानिक. सरहद्दीवरच्या तळावर जुनी विमानं उडवायची, तिच्या वयाहून जुनी. मागच्या महिन्यात हवेत तिचं एकुलतं एक इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू झालं म्हणून ती जेवायच्या टेबलाशी बसलेली होती. घरी तिने फोनवर 'जरा खडखड झाली' एवढंच सांगितलं होतं. खरं काय ते तराजूंना ऑफिसात कळलं, आणि त्यांनी ते बायकोला सांगितलं नाही. बायकोला ते मुलाकडून कळलं, आणि तिने नवऱ्याला सांगितलं नाही. असं घर. सगळ्यांना सगळं ठाऊक आणि प्रत्येक जण दुसऱ्याला जपतोय.

"मग, बाबा," सून म्हणाली, "उद्या बार उडवताय म्हणे?"

"उद्या. तुझं ते डबडं आता फार दिवस नाही."

"डबडं म्हणू नका हं. रागावलं की ऐकत नाही."

सासूबाईंनी वाढता वाढता हात आखडला. "काय ऐकत नाही?"

"काही नाही, आई. कोण जिंकलं, बाबा?"

खरं तर सांगायचं नसतं. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्यांना राहवलं नाही. "पश्चिमेचं. तुमच्या तळावरच्या चाचणीत दोन्ही सारखी उतरली, म्हणून इंजिनाच्या आयुष्यावर गाडी पुढे गेली. तुमचा तळही सुधारलाय की. धावपट्टी काय आरशासारखी ठेवलीय!"

सुनेने घास खाली ठेवला. मग हसायला लागली. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा, हिशेब चुकल्याचं त्याला चेहऱ्यावरून कळायचं. त्याने विचारलं, "काय झालं?"

"बाबा, ती तुम्ही येणार म्हणून झाडली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरत नाहीत का? शहरातल्या विमानतळावरून झाडायचं यंत्र उसनं आणलं होतं. वर रोज उजाडायच्या आत अख्खा तळ ओळीने धावपट्टीवर. मी, आचारी, दवाखान्यातला डॉक्टर, सगळे खाली वाकून खडे वेचतोय. आधी पश्चिमेचे पाहुणे आले म्हणून. मग रशियनांना कमी लेखलं असं वाटायला नको, म्हणून त्यांच्यासाठीही. तुमचं विमान उडालं त्याच दुपारी यंत्र परत गेलं."

"आणि एरवी?"

"एरवी खडे, पत्र्याचे तुकडे. परवा एक अख्खी चप्पल होती. आमच्या जुन्या विमानांना फरक पडत नाही, ती नाकाने हवा घेतात, उंचावरून."

तराजूंना पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. पश्चिमेच्या विमानाचं हवा ओढायचं तोंड पोटाखाली, जमिनीलगत. मोठाला झाडूच तो, समोर येईल ते आत ओढणार. एक खडा आत गेला की इंजिन कामातून गेलं. रशियन विमानाच्या तोंडावर जमिनीवर असेपर्यंत झाकण पडतं, ते वरच्या फटींतून श्वास घेतं. दोघांत हा एवढा मोठा फरक, आणि आपल्या आदरातिथ्याने तोच झाडून टाकला होता. त्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं होतं: दोन्ही समाधानकारक.

जेवण झाल्यावर सून भांडी विसळत होती. ते दाराशी उभे राहिले. "मग काय करू म्हणतेस?"

"सासरे म्हणून विचारताय का समिती म्हणून?"

"दोन्ही."

"सासऱ्यांना सांगेन, सही करा. मला त्या डबड्यात पुन्हा बसायला भीती वाटते. हे आईंना सांगू नका." तिने नळ बंद केला. "समितीला काय सांगू? मी लहान आहे."

सासूबाई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घड्या घालायचा आवाज थांबला होता.

*

दुसऱ्या दिवशी समितीसमोर सहीचा कागद होता आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत घरी जायची घाई. अध्यक्षसाहेब निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी हैराण. वैमानिकांच्या वतीने बसलेला सदस्य उंच, देखणा, आणि पश्चिमेच्या विमानावर इतका लुब्ध की त्याचं नाव घेताना आवाज मऊ व्हायचा. चौथ्या सदस्य अर्थखात्याच्या बाई. त्या सरकारी खुर्च्यांवर विश्वास नसल्याने स्वतःची उशी घेऊन यायच्या.

तराजूंनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "साहेब, एक अडचण आहे."

अध्यक्षांनी डोळे मिटले. "तुमच्या तोंडून 'अडचण' ऐकलं की माझे गुडघे दुखतात हो."

त्यांनी सगळं सांगितलं. सुनेकडून कळलं, हेही लपवलं नाही. 

"वा!" देखणा सदस्य म्हणाला. "म्हणजे विमान चांगलं आहे, आपलं अंगण वाकडं आहे, म्हणून नाच रद्द?"

"रद्द म्हणालो नाही. आपल्या अंगणात ते कसं नाचेल, हे आपण पाहिलंच नाही, एवढंच म्हणतोय."

"मग रशियन घ्यायचं? आणि निम्मी विमानं इंजिनांची वाट बघत शेडमध्ये उभी करायची?"

"तेही म्हणालो नाही."

"तुम्ही कधी काही म्हणताच नाही, हीच तर तुमची ख्याती आहे." तो पुढे वाकला. "राग मानू नका. पण घरचं माणूस त्या जुन्या विमानात बसत असताना खीळ घालायला जिगर लागते."

हे वर्मी लागलं. तराजूंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या मनात हिशेब चालू होता आणि कुठूनही मांडला तरी तो तोट्यातच जात होता. गप्प बसावं, तर नवी विमानं येतील, वर्षभरात खडे खाऊन आडवी होतील आणि सून पुन्हा जुन्यात. चाचणी पुन्हा घ्या म्हणावं, तर पैसा परत जाईल आणि सून जुन्यातून बाहेरच येणार नाही. रशियन घ्यावं, तर इंजिनं पेटीत आणि सून उडायच्या पाळीची वाट बघत जमिनीवर, नाही तर पुन्हा त्याच डबड्यात. तिन्ही वाटांच्या टोकाला तीच उभी होती, डोळ्यांखाली वर्तुळं घेऊन.

अर्थखात्याच्या बाईंनी उशी सारखी केली. "मला विमानातलं कळत नाही. पण झाडायला लागतं काय?"

"काय?"

"धावपट्टी हो. झाडायला काय लागतं? माझ्या घरी झाडू लागतो आणि बोलणी खायला मी लागते."

अध्यक्ष हसले, पहिल्यांदाच. तराजू मात्र गंभीर झाले. "एक यंत्र लागेल, स्वतःचं, उसनं नाही. माणसं तळावर आहेतच. आणि एक अधिकारी लागेल. रोज पट्टी स्वतः चालून बघणारा. त्याने नाही म्हटलं तर एकही विमान हलणार नाही, मग तळप्रमुख असो नाही तर मंत्री."

"मग लिहा की तशी अट," देखणा सदस्य उतावळेपणाने म्हणाला. "पश्चिमेचं विमान घ्यावं, धावपट्टी स्वच्छ ठेवावी. झालं!"

"लिहून पट्टी झाडली जात नाही," तराजू म्हणाले. "नव्याचे नऊ दिवस झाडतील. दहाव्या दिवशी तळप्रमुख म्हणेल, आज घाई आहे, उद्या बघू."

"मग न घाबरता तळप्रमुखाला नाही म्हणणारा माणूस द्या," बाई म्हणाल्या. "बढतीची आशा नसलेला. कुणाच्या बाजूला न झुकणारा. आहे का असा कुणी तुमच्या दलात?"

 अध्यक्षांनी लोखंडी विमान उचलून दुसऱ्या कागदांवर ठेवलं. देखणा सदस्य नखं बघू लागला. बाई मात्र सरळ तराजूंकडे बघत होत्या, भाजीवाल्याच्या काट्याकडे बघावं तसं.

त्यांची नोकरीची शेवटची वर्षं उरली होती. बायकोला शब्द दिला होता की ती शहरात, घरी काढायची. पाठीने जिने चढणंसुद्धा सोडलं होतं.

"थांबवायचा अधिकार लेखी लागेल," ते अखेर म्हणाले. "आणि अटीत माझं नाव नको, पद लिहा. माझ्यानंतरही कुणी तरी हवा."

"लिहा," अध्यक्ष म्हणाले, आणि कुणी मत बदलायच्या आत सही करून मोकळे झाले.

*

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणाचीच भीती होती.

"म्हणजे आयुष्यभर विमानं दुरुस्त करून आता झाडू हातात."

"यंत्र आहे ग."

"यंत्र येईपर्यंत?"

"यंत्र येईपर्यंत झाडू," त्यांनी कबूल केलं.

"आणि विमानं कधी यायची?"

"सगळं सुरळीत झालं तर तीन वर्षांनी."

"तोवर ती त्यातच उडणार."

"हो."

बायको उठली, कपाटातून त्यांचा कमरेचा पट्टा काढला आणि बॅगेत टाकला. "काल तिने मला सांगू नका म्हटलं ना, भीती वाटते ते. मी ऐकलं होतं. तुम्ही तिथे असलात तर निदान फोन करून खरं तरी सांगाल. का तिथूनही खडखडच झाली म्हणाल?"

"खरं सांगेन."

"बघू."

सरहद्दीवरच्या तळावर त्यांचं स्वागत झालं तेही धावपट्टी झाडूनच. तेवढी एकदाच. दुसऱ्या सकाळी त्यांनी सगळ्यांना पुन्हा ओळीत उभं केलं तेव्हा कुरकुर सुरू झाली. नव्या विमानांचा पत्ता नाही, जुन्यांना खड्यांचं सोयरसुतक नाही, मग हा खटाटोप कुणासाठी? आचारी तर मोठ्याने म्हणाला, "बाळ अजून पोटातही नाही, साहेब, आणि तुम्ही पाळणा हलवताय."

"मला हात हलवायची सवय लावायचीय, बाबा," तराजू म्हणाले. "चला."

पट्टी लांब होती आणि कमर बोलत होती. पलीकडच्या टोकाला सुनेचं जुनं विमान इंजिन चालू करून उभं होतं. इंधन जळत होतं, तळप्रमुख घड्याळ बघत होता. काचेच्या टोपणाखालून तिने हात वर केला. झालं का, असं विचारत होती, का कोपरापासून नमस्कार करत होती, ते एवढ्या अंतरावरून कळेना.

निम्मी पट्टी व्हायची होती. "साहेब, तिला तरी सोडा," तळप्रमुख शेवटी म्हणाला. "घरचीच आहे. आणि त्या विमानाला कुठे खडे लागतात?"

तराजूंनी मान हलवली, नकाराची. मग वाकून पुढचा खडा उचलला. एकदा वाकल्यावर सरळ व्हायला त्यांना थोडा वेळ लागला.