खोडायचा पाव

"डबलरोटी कुणी खाल्ली?" भगवंतराव मास्तरांनी विचारलं, आणि पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग आपापल्या कागदात तोंड खुपसून बसला.

कोळशाची रेघ रबरानं पुसली की कागद काळवंडतो. ती पावाच्या मऊ गाभ्यानं टिपून घ्यावी लागते. म्हणून मास्तर रोज सकाळी कोठी भागातल्या इराण्याच्या दुकानातून ताजी डबलरोटी आणत, आणि रोज तिच्यातली निम्मी कलेच्या आधी पोटाच्या उपयोगी पडे.

"मी खाल्ली, मास्तर. गरम होती. झूट कायकू बोलू?" रजनी म्हणाली. मलकपेठेतल्या अडत्याची ही पोर. वर्गातली सगळ्यात वाईट रेघ तिची, आणि खरं बोलणारी तेवढीच एक.

"खा. पण पाव पोटात गेला की चूक कागदावर राहते, एवढं ध्यानात ठेव," म्हणत मास्तर फेरीला निघाले. एका हातात कोळसा, दुसऱ्यात पाव. याचं नाक वर घे, त्याची हनुवटी आत ढकल. टिपलं, रेघ मारली, पुढे. केस काळे होते तेव्हापासून जामबागेतल्या या कलाशाळेत ते अशीच फेरी घालत होते. भिंतीपलीकडे गायनाचं पहिलं वर्ष 'सा'वर बसलेलं असे. ते जूनपासून उठलेलं नव्हतं.

तेवढ्यात शिपाई उमाजी दारात आला. "मास्तर, सायबानं याद केलंय. नव्या सायबानं."

साहेब नवा, कारण सगळंच नवं होतं. आदल्या वर्षी फौजा आल्या, निजामाची राजवट गेली, संस्थान हिंदुस्थानात सामील झालं. भगवंतरावांनी स्वतः शाळेच्या फाटकात उभं राहून पेढे वाटले होते. पेढे वाटताना माणूस फार पुढचं बघत नाही.

प्राचार्य प्रतापराव मुंबईहून आलेले. मास्तरांची सनद त्यांनी हातात धरली होती, आणि उलटी धरली होती.

"ही उर्दूत आहे."

"हौ. शाळाच उर्दूत होती, साहेब."

"परीक्षा मंडळ ही मानत नाही. पहिल्या वर्षाला शिकवायचं तर निदान पहिलं वर्ष पास हवं. मार्चात परीक्षेला बसा. पास झालात की नोकरी पक्की."

"आणि तोवर कुणाच्या वर्गात बसू?"

प्रतापरावांनी वेळापत्रकावरून बोट फिरवलं. "तुमच्याच."

"आणि नापास झालो तर?"

"तर मग तुम्हाला ठेवता येणार नाही," प्रतापराव म्हणाले. मग हसून म्हणाले, "पण तुम्ही कशाला नापास व्हाल?"

घरी त्यांच्या पत्नी इंदुताईंनाही नापास झाल्यास काय, हाच प्रश्न पडला, पण त्या हसल्या नाहीत. "नोकरी गेली तर या वयात कोण विचारणार तुम्हाला? मुकाट्यानं आपला कागद बघा आणि घरी या."

"अगो, पहिल्या वर्षात मी नापास होणार? मी?"

"म्हणून तर सांगते," इंदुताई म्हणाल्या.

परीक्षेला प्लास्टरचं मुंडकं मांडलं होतं. कुण्या परदेशी देवाचं. नाकाचा टवका उडालेला. पहारेकरी म्हणून मंडळाच्या कचेरीतले कारकून एकनाथराव आले होते. त्यांचा कलेशी संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरपुरता. भगवंतराव विद्यार्थ्यांमध्ये बसले. आधी अंडं काढायचं, मग मधून एक उभी रेघ: वर्षाचा पहिला धडा. त्यांनी अंडं काढलं, सुरेख काढलं. रेघ मारली. आणि सवयीनं मान वर केली.

डावीकडे रजनीच्या देवाचा कान घसरून जबड्याला लागला होता.

मास्तर उठले. हातात पाव होताच.

"मास्तर," रजनी कुजबुजली, "आज परीक्षा आहे."

"म्हणूनच म्हणतो, कान नीट काढ."

कान वर गेला. तिच्या पुढच्याच्या देवाची मान फार जाड होती. त्याच्या पलीकडच्यानं देवाला पोक काढलं होतं. मास्तर एकेकाच्या चित्राच्या फळ्यापाशी थांबत गेले. पोरांना त्यात नवं काही नव्हतं, फेरी रोजचीच. एकनाथरावांनी तर हे पांढरे केस, हा कोळसा, हा पाव पाहिला आणि उठून आपली खुर्ची पुढे केली. "बसा ना, सर. दमलात."

घंटा झाली तेव्हा मास्तर आपल्या फळ्यापाशी परतले. कागदावर एक अंडं होतं. मधून उभी रेघ.

निकाल असा लागला की शाळेच्या इतिहासात तसा कधी लागला नव्हता. अख्खा वर्ग पास. मंडळानं नव्या अभ्यासक्रमाचं कौतुक केलं आणि प्रतापरावांना हार घातला. नापास एकच. परीक्षकांचा शेरा होता : 'उमेदवाराला प्राथमिक धड्यांची गरज आहे.'

रजनी तरातरा कचेरीत शिरली. मास्तर तिथंच उभे होते.

"सायेब, आमची चित्रं यांनीच सुधारली. कुणालाबी विचारा!"

"असं?" प्रतापराव म्हणाले. "मग सगळ्यांनाच नापास करावं लागेल. करू?"

रजनीनं मास्तरांकडे पाहिलं.

"नक्को, पोरी," मास्तर म्हणाले. "वर्ग चांगला आलाय. राहू दे."

प्रतापराव वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला एवढं सुचलंही नसतं. ते म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला जिवंत माणसाचं डोकं काढायचं असतं. तुमच्या चेहऱ्याला सुरकुत्या चांगल्या आहेत. स्टुलावर बसायचं. अट एवढीच, हलायचं नाही आणि बोलायचं नाही. वर्ग बिघडतो."

जूनमध्ये भगवंतराव त्याच वर्गात, खिडकीशेजारी स्टुलावर बसले. मधल्या सुटीनंतर पुन्हा तसंच बसता यावं म्हणून नव्या मास्तरांनी त्यांच्या पायांभोवती फरशीवर खडूनं रेघ ओढली. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत एवढ्या लक्षपूर्वक कुणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. भिंतीपलीकडे नवं पहिलं वर्ष 'सा'वर येऊन बसलं होतं.

सुटीत पाय मोकळे करायला ते उतरले आणि उतरल्यावर पाय आपोआप फेरीला लागले. रजनीच्या फळ्यापाशी ते थांबले. कागदावर ते स्वतःच होते. सुरकुत्या झकास आल्या होत्या. कान तेवढा पुन्हा घसरून जबड्याला लागला होता.

त्यांचा हात खिशात गेला. इराण्याच्या दुकानावरून जाताना सकाळी पाय थांबले होते. रजनीनं गुपचूप कोळसा पुढे केला.

"मास्तर," दारातून नवे मास्तर म्हणाले, अगदी अदबीनं, "जागेवर बसता ना?"

भगवंतरावांनी खिशातून डबलरोटीचा तुकडा काढला. त्याच्याकडे पाहिलं, तोंडात टाकला, आणि सावकाश चावत जाऊन खडूच्या रेघांत बरोब्बर पाय ठेवून बसले.