पांढऱ्या चादरीवरची लाल गाडी

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे मित्रांनो, लाल, उघडी, दोनच माणसं बसतील एवढी, आणि खरं सांगू? मला शिसारी आलीय! पॉलिशची शिसारी, सीटवर मारलेल्या अत्तराची शिसारी, आणि माझ्या बोनेटला टेकून फोटो काढणाऱ्यांची तर सगळ्यात जास्त.

पण थांबा, सुरुवातीपासून सांगते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला वाटलं होतं, आता कुणीतरी ऐटबाज गॉगलवाला येणार नि मला शर्यतीत नेणार. आली कोण, तर गुरांची डॉक्टर! चिखलाच्या गमबुटांसकट आत बसली. शेजारच्या सीटवर कधी औषधांची पेटी, कधी आजारी वासरू. एका वासराने तर सीटवरच कार्यक्रम उरकला, वास जाता जाईना. पण मला नाही बाई घाण वाटली, कारण आम्ही पळत होतो ना! मी जिथे थांबेन तिथे ऑइलचे दोन-चार थेंब गळायचे. डॉक्टर हसायची, "केलीस का सही?" म्हणायची, नवीन ऑइल ओतायची आणि निघायची.

पुढे तिचे गुडघे दुखायला लागले, इतकं खाली बसणं जमेना, आणि मी फरशीवाल्यांकडे आले. टाइल्सचं दुकान आहे ना, म्हणून सगळे त्यांना फरशीवालेच म्हणतात. त्यांचे साडूही जुन्या गाड्यांच्या मंडळात, त्यांची गाडी हिरवी. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, गळ्यात गळे घालून फिरणाऱ्या, आणि हे दोघं मात्र मांजरांसारखे एकमेकांवर फिसकारणार. साडूंनी गाडी जोरात गुरगुरावी म्हणून सायलेन्सरला भोकं पाडली. आमच्या मालकांनी मला टूथब्रशने घासलं. फिरवलं मात्र नाही!

आता या मंडळाचं खूळ ऐका. स्पर्धेत प्रत्येक गाडीखाली पांढरी चादर पसरतात. ऑइलचा डाग पडला की गुण कापले. मी तर गळणारी! मग मालकांनी काय केलं, सकाळी घरीच माझं सगळं ऑइल काढून डब्यात भरलं, मला ट्रकवर चढवलं आणि मैदानात बायकोला हाताशी घेऊन ढकलत नेऊन चादरीवर उभं केलं. पोटातच काही नाही तर गळणार काय? कप आम्हाला!

साडू आले ना लगेच. "काय हो, ढकलत आणलीत? मेहुणीबाईंचे हात दुखले असतील."

"कप कुणाकडे आहे ते बघा आधी."

"कप काय, चहा प्या त्यात! आता सगळे डोंगरावर निघालोत. या की माझ्या मागून. का ट्रक बोलावू?"

सगळे खो खो हसले. मालकांचे कान लाल. धाडकन आत बसले आणि किल्ली फिरवली. आणि डबा? डबा तिकडे ट्रकमध्ये!

मित्रांनो, मला तोंड नाही, पण समोर एक छोटा लाल दिवा आहे, ऑइल संपलं की पेटणारा. मी तो पेटवला. जीव तोडून पेटवला! मालक म्हणाले, "जुनी वायरिंग, दुसरं काय." मागून त्यांची बायको डबा घेऊन धावत होती, "अहो, थांबा! अहो!" यांना वाटलं, ती निरोप द्यायला आलीय. यांनी ऐटीत हात हलवला.

पहिल्याच चढावर माझ्या आत लोखंडावर लोखंड घासलं. आधी ठक ठक, मग किंकाळी, मग काहीच नाही. इंजिन जाम. साडूंनी गाडी थांबवली. मला वाटलं, मदत करतील. त्यांनी फोटो काढला.

मेकॅनिक म्हणाला, इंजिन उघडू, होईल नीट. तर मालक म्हणतात, "कशाला? स्पर्धेत चालवावी कुठे लागते!" शी! तेव्हापासून मी दर वर्षी कप जिंकते.

परवाच्या स्पर्धेत एक म्हातारी सुनेचा हात धरून आली. मी लगेच ओळखलं. माझी डॉक्टर! ती कशीबशी वाकली आणि माझ्या खाली बघितलं.

"एकही डाग नाही?"

"सापडणारच नाही, आजी," मालक फुगले.

"चालू करा बघू जरा."

"बॅटरी उतरलीय."

तिने माझ्या बोनेटवरून हात फिरवला, पॉलिशने चिकट झालेला तो हात नाकाजवळ नेला, आणि घाईघाईने रुमालाला पुसला. वासराच्या घाणीने भरलेला हातसुद्धा तिने कधी असा पुसला नव्हता.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्याकडे जुनी सायकल असो, घड्याळ असो, काहीही असो, पुसा हवं तर, पण वापरा. ते कुरकुरलं तर बघा, त्याचा दिवा पेटला तर थांबा. आणि गळत असेल ना, तर गळू द्या. डाग धुता येतात हो.