वृत्तात न बसणारं नाव

नाव वृत्तात बसत नाही म्हणे! माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव, तिच्याच लेकीच्या मंगलाष्टकात बसत नाही!

हे मला ऐकवलं सुभाषरावांनी. लग्नाच्या आदल्या दिवशी, लोणीच्या मांडवात, खुर्चीवर ऐसपैस बसून. सुभाषराव म्हणजे नवऱ्यामुलाचे चुलते. मंचरच्या कविसंमेलनात दरवर्षी व्यासपीठावर असतात, आणि पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं यांचीच. पुतण्याचं नाव शौर्य, तेही यांनीच ठेवलेलं. आमच्या श्रेयाशी त्याचं कॉलेजात जमलं, घरच्यांनी कुरकुरत का होईना मान्य केलं, आणि आम्ही तळेघरची डोंगरातली माणसं टेम्पोत बसून लोणीला आलो.

मी वैजयंती, श्रेयाची मावशी. जुन्नरला शाळेत मराठी शिकवते. म्हणून सुभाषरावांनी कौतुकानं कागद माझ्या हातात दिला. "बाई, नजर टाका. तुम्हाला कळेल यातलं."

टाकली नजर. मुलाकडचे आजोबा होते, आजी होती, तीन चुलते होते, कारखान्याचे कुणी संचालक होते. आणि मुलीकडून एकच ओळ:

कन्या ही बहिरू-सुता गुणवती, ये लोणिच्या मंडपी

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बहिरू! श्रेया पाळण्यात असताना हा माणूस कामाला म्हणून पुण्याला गेला, तो तिकडंच दुसरा संसार थाटून बसला. पोरीला कधी एक फ्रॉक पाठवला नाही. आता कन्यादानाला बाप पाहिजे म्हणून व्याह्यांनीच त्याला शोधून आणलं, तर आला नवाकोरा फेटा बांधून!

"आणि आई?" मी विचारलं. "कोंडाबाई कुठंय?"

"अहो, घालायचं फार मनात होतं. पण नाव वृत्तात बसत नाही. बहिरू कसं अलगद बसतं बघा. कुंदा करू का? कुंदा गोड वाटेल."

"जन्मभर कोंडाबाई म्हणून राबली, ती लग्नापुरती कुंदा व्हय?" माझा आवाज चढला तशी बाया वळून बघायला लागल्या. "सुभाषराव, उद्याच्या अक्षतांना तांदूळ कुणाचा आहे, ठाऊक आहे का?"

तांदूळ अक्काचा, म्हणजे कोंडाबाईचाच होता. लोणीकडं कांदा-बटाटा पिकतो, भात नाही. विहीणबाईंनी फोनवर हौसेनं सांगितलं होतं, अक्षता तुमच्याकडच्याच आणा, डोंगरातला तांदूळ अस्सल. अक्कानं आपल्या खाचरातला तांदूळ निवडला. तुटका दाणा म्हणून ठेवला नाही, कारण अक्षतेला अख्खा दाणा लागतो. पाठ धरली तिची निवडून निवडून. म्हणजे तांदूळ चालतो, नाव चालत नाही!

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," सुभाषराव हसले. "काव्याला नियम असतात, बाई."

मी कोपऱ्यात जाऊन बसले आणि बोटांवर मात्रा मोजल्या. या मोठ्या कवीला उताणा पाडायचा या ईर्षेनं मोजल्या. आणि काय सांगू, माझाच संताप मला गिळवेना. माणूस खरं बोलत होता! मंगलाष्टकाच्या त्या चालीत लागोपाठ फार तर तीन जड अक्षरं चालतात, मग हलकं यावंच लागतं. कोंडाबाई या नावात हलकं असं काहीच नाही. कों, डा, बा, ई. चारही जड. पुढं ढकलून बघितलं, मागं ओढून बघितलं, कुठंच बसेना. ज्यानं टाकलं त्याचं नाव गुळगुळीत बसतं, आणि जिनं वाढवलं तिला जागा नाही. असलं कसलं मेलं वृत्त!

अक्काला सांगितलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं वैजे. गाण्यात न्हाई बसलं तर न्हाई बसलं. मी हाय की हितं."

"पण तुला वाईट नाही वाटत?"

ती अक्षतांना कुंकू चोळत होती. चोळता चोळता थांबली. "पोरीच्या लग्नात एकदा माझं नाव कुणी घेतलं असतं तर लई बरं वाटलं असतं," म्हणाली, आणि पुन्हा चोळायला लागली.

झालं. मी ठरवलं. मुलीकडचं एक मंगलाष्टक मावशीनं म्हणायचं असतं, त्याला तर कुणी ना म्हणणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडव खचाखच भरला. अंतरपाट धरला गेला. अलीकडं श्रेया, पलीकडं शौर्य. बहिरू फेटा सावरत पुढंच उभा. वरमाई नटूनथटून शेजारी. आणि अक्का? अक्का पार मागं, पाण्याच्या जारजवळ. नवऱ्यानं टाकलेली बाई बोहल्याजवळ बरी दिसत नाही, असं कुणीतरी तिला हळूच सांगितलं होतं. हळूच! म्हणजे मला ऐकू जाऊ नये म्हणून.

सुभाषरावांची मंगलाष्टकं झाली. प्रत्येक वेळी चाल ठरल्या जागी उतरायची, भटजी 'सावधान' म्हणायचे, वाजंत्री ताशावर काठी हाणायचा, अक्षता उडायच्या. माणसं बोलत होती, मोबाईल धरत होती, पण हात बरोबर वेळेवर उठत होते. चाल अंगात मुरली की शब्द ऐकावेच लागत नाहीत. बहिरूचं नाव आलं आणि गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

मग माईक माझ्या हातात आला. मी खणखणीत आवाजात सुरू केलं:

भाताच्या चिखली उभी दिनभरी जी रोपटी जागवी
जाळीची करवंद ती विकुनिया लेकीस जी वाढवी

चाल चोख होती. यमक चोख होतं. सुभाषराव मान डोलवायला लागले. भीमाशंकरच्या रस्त्यावर द्रोण मांडून बसणारी माझी अक्का कुणाला अजून दिसली नव्हती. सवयीनं सगळ्यांचे हात वर गेले. आणि जिथं बहिरू अलगद बसला होता, नेमकं तिथंच मी ती चारही जड अक्षरं दणादण ठेवली:

आई ती कोंडाबाई तळेघरची, कुर्यात् सदा मंगलम्!

अडखळली चाल! सरळ रस्त्यावर गाडीखाली धोंडा यावा तशी अडखळली. वाजंत्र्याची काठी वरच राहिली. कुणाच्या अक्षता आधीच पडल्या, कुणाच्या मुठीतच राहिल्या. भटजी 'साव' म्हणून थांबले. सगळ्यांना पहिल्यांदाच शब्द ऐकू आला होता.

"वृत्त मोडलं, बाई," सुभाषराव दात आवळून पुटपुटले.

माईक माझ्या तोंडाशीच होता. मी म्हटलं, "मोडलं नाही, मोडलंय मी. ती बघा, पाण्याच्या जारपाशी उभी आहे ती."

माना वळल्या. पुढच्या रांगेपासून मागच्यापर्यंत सगळा मांडव बोहल्याकडं पाठ करून उभा राहिला. बहिरूनं फेट्याचा शेमला उगाच चाचपला. अंतरपाटाजवळून श्रेयाचा आवाज आला, "आये, पुढं ये की गं!" आमच्या तळेघरच्या बायांनी मुठी उघडल्या त्या अक्काच्याच दिशेनं. त्यांचं बघून लोणीकरांनीही उघडल्या. भटजींना भान आलं, त्यांनी 'सावधान' पुरं केलं, ताशा कडाडला. अक्काचाच तांदूळ अक्काच्या अंगावर पडला. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

जेवणं उरकल्यावर मी तिच्या केसांतले दाणे वेचत बसले. सुभाषराव अजून माझ्याशी बोलत नव्हते. बोलू नका म्हणावं!

"वैजे," अक्का म्हणाली, "गाताना मधीच अडखळलीस व्हय गं?"

"व्हय अक्का. तुझ्या नावापाशी."

तिनं माझ्या तळहातावरचा एक दाणा उचलला, पदराच्या टोकात बांधला.

"बरं केलंस. न्हाईतर माझ्यापाशी कोण थांबतंय गं?"