जेवायची हाक

मित्रांनो, माझ्या अंगावरची फुलं आता ओळखू येत नाहीत. कधी काळी ती गुलाबी होती. एका बाजूचा टवका उडालाय आणि आतला काळा पत्रा दिसतो. तरी मी कोण ते सांगायला लाजत नाही. मी आहे चार कप्प्यांचा, इनॅमलचा एक जुना डबा. थायलंडच्या उत्तरेला, नान नदीच्या काठावरच्या एका लहानशा गावात, मालीवानमावशीच्या घरी माझं आयुष्य गेलं.

जन्म कारखान्यातला. पत्रा ठोकून माझे वाडगे केले, त्यांना पांढरा लेप दिला आणि भट्टीत घातलं. अंगाची लाही लाही झाली, पण बाहेर आलो तो असा चमकत की बघणाऱ्यानं बघतच राहावं. मालीवानमावशीच्या लग्नात तिच्या आईनं मला आहेरात दिलं. तेव्हापासून सणावारी विहारात भिक्खूंसाठी जेवण न्यायचं काम माझ्याकडे आलं. तळाला चिकट भात, त्यावर रस्सा, त्यावर तळलेला मासा आणि सगळ्यांत वर नारळाच्या दुधात शिजवलेली केळी. विहाराच्या ओसरीवर गावातले डबे ओळीनं मांडले जात आणि बायका एकमेकींच्या डब्यांत तिरक्या नजरेनं डोकावत. वयोवृद्ध मुख्य भिक्खू एकदा म्हणाले, "मालीवान, तुझ्या डब्याचं झाकण उघडलं की माझं ध्यान मोडतं." त्या दिवशी मावशीपेक्षा मीच जास्त फुगलो होतो.

दुःखही पाहिलं. मावशीचा नवरा गेला तेव्हा शवपेटीजवळ मलाच ठेवलं होतं. आमच्याकडे माणूस गेला तरी दहन होईपर्यंत त्याला उपाशी ठेवत नाहीत. घरचं कुणीतरी पेटीवर बोटांनी टकटक करतं, "ऊठ, जेवून घे" अशी हाक मारतं आणि मागे सरून हात जोडतं. मावशी हे दोन्ही वेळा करायची. तिचा आवाज शेवटपर्यंत कापला नाही.

पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. रस्सा पिशवीत, भात पिशवीत, वर रबरबँड. माझी रवानगी कपाटावर झाली. वाईट वाटलं, खोटं का सांगू? माझ्या तळच्या कप्प्यात मावशीनं तुटकी बटणं टाकली आणि एका पालीनं झाकणावर बस्तान बसवलं. विहारात मिरवणारा मी, पालीचा पाट झालो.

अशी कितीतरी वर्षं गेली आणि मग ती साथ आली.

मावशीच्या माडीवर ओई नावाची मुलगी भाड्यानं राहायची. ओई म्हणजे ऊस. आईबापांनी लाडानं ठेवलेलं नाव, आणि पोरगी होतीही तशीच उंच, सडसडीत. गावच्या दवाखान्यात ती नर्स होती. साथीच्या रोग्यांच्या वॉर्डात तिची नेमणूक झाली. ती घरी यायची तेव्हा मास्कचे वळ गालावर उठलेले असायचे आणि हात साबणानं पांढरे पडलेले. ती गल्लीत शिरली की खिडक्या बंद व्हायच्या.

गल्लीच्या तोंडाशी पिम्पाची खाणावळ होती. तिचे वडील याच साथीत, ओईच्याच वॉर्डात गेले. दवाखान्याच्या माणसांनी परस्पर दहन केलं. पिम्पाला बापाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तिचं ते सगळं दुःख ओईवर निघू लागलं. ओई भात मागायला गेली की ती म्हणायची, "भात संपला." मागे टोपलीतून वाफ निघत असायची. ओई त्या वाफेकडे बघायची, "बरं, पिम्पाताई," म्हणायची आणि खोलीवर येऊन पाकिटातल्या शेवया भिजवून खायची. बघता बघता त्या उसाचं नुसतं चिपाड झालं.

एका दुपारी पिम्पा अंगणात येऊन उभी राहिली. "मालीवानताई, त्या पोरीला घालव. तुला आधीच दमा. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर तुझ्या पेटीवर टकटक करायला आहे कोण? ना मूल, ना बाळ."

मावशीलाही भीती वाटत होती, हे मला कपाटावरून दिसत होतं. आमचं घर लाकडाचं. खाली बोललेलं वर सगळं ऐकू जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवरून ओईचा आवाज आला. "मावशी, मी बॅग भरलीय. संध्याकाळी आमच्या गावाकडचा टेम्पो जाणार आहे, त्यात बसते. दवाखान्यातही सांगते की आता माझ्याच्यानं नाही होत."

वॉर्डात आधीच माणसं कमी होती. दोघी आजारी पडून घरी बसल्या होत्या. ओई गेली तर तिथल्या रोग्यांना पाणी कोण पाजणार, हे मावशीला न सांगता कळत होतं. ती बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. मग स्टूल ओढून तिनं मला खाली काढलं.

बटणं ओतून टाकली. मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं. चिकट भात, अंडी घातलेला मांसाचा रस्सा, टोमॅटोची तिखट चटणी आणि नारळाच्या दुधातली केळी. इतक्या वर्षांनी पोटात ऊन ऊन भात पडला आणि मित्रांनो, मला रडूच यायचं बाकी राहिलं. मावशीनं मास्क चढवला, माडीवर जाऊन मला ओईच्या बंद दारापाशी ठेवलं. दारावर बोटांनी टकटक केलं. "ओई, ऊठ, जेवून घे," म्हणाली, भीतीनं मागे सरली आणि सवयीनं तिचे हात जोडले गेले.

आतून ओईचा आवाज आला.

"मावशी, मी अजून मेले नाहीये."

मावशीनं जीभ चावली. "जळलं मेलं माझं डोकं. सवयीनं झालं गं. मनात तसलं काही नव्हतं."

"हातही जोडलेत. फटीतून दिसतंय मला. उदबत्ती तेवढी विसरलात."

ओई आत हसत सुटली. मावशीही पायरीवर बसून पोट धरून हसली. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं. मग आतलं हसू मध्येच फुटलं आणि ओई हुंदके देऊ लागली.

"काय झालं गं, बाळा?"

"तुमची हाक कशी खणखणीत येते. मला नाही तशी जमत. रोज मारते तरी."

"रोज? कुणाला?"

"वॉर्डात जे जातात त्यांना. घरच्यांना आत सोडत नाहीत ना. मग असेल ते उशाशी ठेवते, पेज नाहीतर बिस्किट. खाटेच्या दांडीवर टकटक करते आणि म्हणते, जेवून घ्या. उपाशी कसं पाठवायचं माणसाला? पिम्पाताईंच्या वडिलांनाही मीच हाक मारली. त्यांना सांगायचं होतं, पण त्या माझ्याशी बोलतात कुठं?"

मावशी उठली आणि तडक जिना उतरून गेली. ओईनं दार उघडून मला आत घेतलं. ती भाताचा पहिला घास घेते न घेते, तोच जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. मावशीच्या मागे पिम्पा होती. हातात भाताची टोपली होती, आणि ती मधल्याच पायरीवर थबकली.

"माझ्या बापाला तू हाक मारलीस म्हणे."

"हो, पिम्पाताई."

"कोणत्या नावानं मारलीस?"

ओई म्हणाली, "कागदावर त्यांचं लांबलचक नाव होतं. ते नाही घेतलं. तुम्ही रोज दुपारी दुकानातून ओरडायचात ना, 'बा, जेवायला ये', ते मला इथं ऐकू यायचं. तसंच म्हटलं. दोनदा म्हटलं."

पिम्पा तिथंच खाली बसली. मास्क डोळ्यांवर ओढून किती तरी वेळ रडली. तिच्याजवळ जायची सोय नव्हती, म्हणून मावशी वरच्या पायरीवर आणि ओई दारात नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी पिम्पानं टोपली एक पायरी वर सरकवली.

"भात गरम आहे," ती म्हणाली. "आणि ती बॅग उघड."

ओई गेली नाही. संध्याकाळी तिच्या गावाचा टेम्पो तिच्याशिवाय निघाला. पुढे मी रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊ लागलो. पिम्पा मला भरायची आणि बरोबर गल्लीतले दुसरे जुने डबेही असायचे. त्याच धावपळीत माझा टवका उडाला. तो मला आहेरातल्या सगळ्या फुलांपेक्षा आवडतो.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं झालं आता. पण तुमच्याही आळीत एखादी ओई असेल. कुणाच्या तरी आईची, कुणाच्या तरी बापाची ती शेवटची सोबत झाली असेल आणि तुम्हाला ते ठाऊकही नसेल. पुन्हा साथ यायची वाट पाहू नका. एखाद्या दिवशी ऊन ऊन डबा भरून तिच्या दारी जा आणि टकटक करा. मात्र डबा ठेवून मागे सरू नका. ती दार उघडेपर्यंत थांबा.